अन्ननलिकेची कैफियत

१९३३ सालच्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या बार्न्स रुग्णालयात एव्हार्ट्स ग्रॅहम या शल्यविशारदाने, पिट्सबर्गहून आलेल्या एका वैद्यकव्यवसायी गृहस्थाचे कर्करोगाने पोखरलेले डावे फुप्फुस एकाच बैठकीत समूळ काढून घेतले, आणि रोगी जगला. फुप्फुसाच्या कर्करोगावर मनुष्याने मिळविलेला हा पहिला ठळक विजय असल्यामुळे वैद्यकाच्या इतिहासात त्या दिवसाची नोंद मोठ्या अक्षरांत होते. परंतु त्याच नोंदीत आडबाजूस पडलेला एक तपशील माझे लक्ष अधिक वेधून घेतो. फुप्फुस निघाल्यावर श्वासनलिकेच्या शाखेचा जो बुंधा मागे उरला, त्यात ग्रॅहमने रेडॉन वायूने भरलेल्या बारीक कुप्या खोचून ठेवल्या होत्या. सुरी जेथे थांबली तेथून पुढचे काम किरणांनी करावे, हा त्यामागील हेतू. तो रोगी पुढे सुमारे तीस वर्षे जगला आणि त्याने आपल्या शल्यविशारदालाही मागे टाकले. पण असे भाग्य लाभणारे थोडेच. फुप्फुसाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रोगी वैद्यापाशी पोचतात तेव्हा रोगाने फुप्फुसाची हद्द ओलांडून छातीच्या मध्यभागी असलेल्या लसिकाग्रंथींत ठाणे दिलेले असते, तेथे सुरी चालत नाही, आणि मग आधार उरतो तो किरणांचा. ज्या जागी हे किरण रोखावे लागतात त्याच जागेतून, रोगाशी काडीचाही संबंध नसलेली, अन्ननलिका जात असते. या निरपराध नळीस होणारी इजा कशी ओळखली गेली, दीर्घकाळ ती का सोसू दिली गेली, आणि तिला वाचविण्याची विद्या किती सावकाश हाती आली, याची हकीकत मला येथे सांगावयाची आहे. ती पॅरिस, लंडन, बॉस्टन अशी फिरते खरी, पण पुनःपुन्हा सेंट लुईस या शहरीच परतते, हेही या हकीकतीचे एक वैशिष्ट्य होय.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या पुढ्यात श्वासनलिका, पाठीस पाठीचा कणा, थोडे खाली उतरल्यावर पुढच्या अंगास हृदयाचा डावा अलिंद. आणि श्वासनलिकेचे दोन फाटे जेथे होतात त्याच्या ऐन खाली ज्या लसिकाग्रंथी असतात, त्या तर तिला जवळजवळ खेटूनच. फुप्फुसाच्या कर्करोगास या ग्रंथींची विशेष ओढ असल्याने किरणांचा मुख्य झोत तेथेच द्यावा लागतो, म्हणजे भिंतीस भिंत लागून असलेल्या दोन घरांपैकी एक जाळावयाचे आणि दुसऱ्यास धग लागू द्यावयाची नाही, असा हा मामला आहे. नळीच्या आतील अस्तर पेशींच्या अनेक थरांचे असते. तळाच्या पेशी सतत विभागून वरच्या झिजणाऱ्या थरांची भरपाई करीत राहतात. किरणांचा मारा बसतो तो या तळाच्या पेशींवर. वरचे थर काही दिवस तसेच टिकतात, म्हणून पहिल्या आठवड्यात रोग्यास काहीच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते झिजून जातात, खालून भरपाई येत नाही, आणि अस्तर उघडे पडते.

आमच्याकडे परळच्या टाटा रुग्णालयाभोवती उतरलेली गावाकडची माणसे या उपचारास 'लाइट' म्हणतात. काही 'शेक' असेही म्हणतात. लाइट चालू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की त्यांच्या बोलण्यात एक नवीच तक्रार शिरते. प्रथम छातीच्या मधोमध घास अडकल्यासारखे वाटते. मग गरम चहा नकोसा होतो. मग भाकरी दुधात कुसकरली तरी टोचते. आणि अखेरीस साधे पाणी गिळतानाही रोगी डोळे मिटून, खांदे आवळून, क्षणभर थबकतो. समोर मऊ भाताची वाटी घेऊन बसलेल्या बायकोला ते थबकणे दिसते, आणि ती पुढचा चमचा उचलत नाही. वैद्यकाच्या नोंदवहीत या सगळ्याचे रूपांतर एका आकड्यात होते: दुसरी पायरी म्हणजे आहार बदलावा लागला, तिसरी म्हणजे गिळणेच पुरेसे होईना, नाकातून नळी किंवा शिरेतून सलाइन द्यावे लागले अथवा रुग्णालयात ठेवावे लागले. उपचार संपल्यावर तीन-चार आठवड्यांत अस्तर बहुधा पुन्हा भरून येते. काहींच्या बाबतीत मात्र कित्येक महिन्यांनी नळीच्या भिंतीत कठीण व्रणतंतू धरतात, वाट अरुंद होते, आणि ती दुर्बिणीतून वारंवार रुंद करून घ्यावी लागते.

किरणांचा शोध लागला तेव्हा या आतल्या इजेचा विचार कोणाच्या मनातही येण्याजोगा नव्हता, कारण आतवर पोचण्याची शक्तीच त्या किरणांत नव्हती. १८९५ च्या नोव्हेंबरात व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यास क्ष-किरण दिसले, आणि वर्षभरातच व्हिएन्नाचा लेओपोल्ड फ्रॉइंड एका मुलीच्या पाठीवरील केसाळ डागावर त्यांचा प्रयोग करू लागला. केस गळाले, पण कातडीवर चिघळणारी जखम झाली. पुढील पन्नास वर्षे किरणोपचाराची मर्यादा कातडीनेच ठरविली. त्या काळच्या यंत्रांचे किरण आपला सर्वाधिक जोर पृष्ठभागावरच खर्च करीत. खोलवर असलेल्या गाठीस पुरेशी मात्रा पोचण्याआधीच वरची त्वचा लाल होई, सोलली जाई, आणि वैद्यास हात आवरता घ्यावा लागे.

या काळातील खरी प्राप्ती म्हणजे काळाचे महत्त्व. पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लॉडियस रेगो याने मेंढ्याच्या वृषणावर प्रयोग करून दाखविले, की एकाच वेळी भरपूर मात्रा दिली तर वरची त्वचा करपते आणि तरीही मेंढा वंध्य होत नाही. पण तीच मात्रा दिवसांदिवसांत वाटून दिली तर त्वचा टिकते आणि आतील भराभर विभागणाऱ्या पेशी मात्र मरतात. त्याचा सहकारी आंरी कुतार याने हे सूत्र घशाच्या कर्करोगास लावले, आणि १९२२ च्या पॅरिस परिषदेत स्वरयंत्राच्या कर्करोगाचे बरे झालेले रोगी समोर ठेवले. आपल्याकडे रयतेकडून सारा वसूल करताना हप्तेबंदीचा जो शिरस्ता होता, त्याच्यामागे एकरकमी वसुलीने कुळ बुडते हा अनुभव होता. रेगो आणि कुतार यांची हप्तेबंदीही तशाच अनुभवातून आलेली आहे. कुतार हा निरीक्षणाचा माणूस. घशाचे अस्तर साधारण दोन आठवड्यांनी पांढरट पापुद्रा धरते आणि मग काही दिवसांनी सुधारते, या गोष्टीची त्याने इतक्या चिकाटीने नोंद ठेवली की पुढे अन्ननलिकेत काय घडणार याचे पूर्वचित्रच त्या नोंदींत सापडते. रोग्याला रोज तपासून, रोज थोडे लिहून ठेवण्याची ही वृत्ती मला त्याच्या उपचारपद्धतीइतकीच मोलाची वाटते.

मग १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० ची यंत्रे सुरू झाली. एक आँटेरियोतील लंडन शहरी, दुसरे सस्काटून येथे, आणि दोन्ही ठिकाणी पहिला रोगी अवघ्या पंधरवड्याच्या अंतराने उपचारास घेतला गेला. १९५३ साली इंग्लंडमधील लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रेषीय त्वरकाने काम सुरू केले. या जोरदार किरणांचा गुणधर्म असा, की त्यांचा कमाल परिणाम पृष्ठभागाखाली होतो. कातडी वाचली, साऱ्या जगाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि ते योग्यच होते. परंतु कातडी ही इतके दिवस पहारेकऱ्यासारखी उभी होती. तीच ओरडून वैद्यास थांबवीत असे. पहारा उठल्यावर मात्रा आतवर निर्वेध जाऊ लागली, आणि जी इजा पूर्वी डोळ्यांना दिसत असे ती आता आतल्या अंधारात, जेथे रोग्याच्या सांगण्याखेरीज दुसरा साक्षीदार नाही, अशा जागी होऊ लागली.

या इजेची पहिली पद्धतशीर चौकशी झाली ती सेंट लुईस येथे. तेथे बीटाट्रॉन या शक्तिमान यंत्राने छातीवर किरण घेतलेल्या रोग्यांचा अभ्यास करून विल्यम सीमन आणि लॉरेन ॲकरमन यांनी १९५७ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. सीमन किरणशास्त्रज्ञ, ॲकरमन विकृतिशास्त्रज्ञ. एकाने गिळण्याची लक्षणे आणि क्ष-किरणांची चित्रे पाहिली, दुसऱ्याने ऊती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. सहा आठवड्यांत सुमारे ६,००० रॅड इतकी मात्रा अन्ननलिका सोसू शकते आणि तिच्यापलीकडे धोका वाढतो, अशी जी धारणा पुढे पाठ्यग्रंथांतून रूढ झाली तिचे मूळ या निबंधात आहे. त्याच १९५७ साली, मार्च महिन्यात, त्याच शहरात एव्हार्ट्स ग्रॅहमचे निधन झाले, आणि ते फुप्फुसाच्याच कर्करोगाने. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध प्रथम ज्याच्या मनाने स्वीकारला नव्हता, आणि ज्याने नंतर अर्न्स्ट विंडर या तरुण विद्यार्थ्याबरोबर १९५० साली तो संबंध शाबीत करणारा निबंध स्वतःच्या नावाने छापला, त्या माणसास स्वतःची सिगारेट फार उशिरा सुटली होती.

सीमन-ॲकरमन यांचा इशारा मिळूनही पुढील तीस वर्षे अन्ननलिकेचा वेगळा बंदोबस्त असा झाला नाही. याची कारणे समजून घेतली पाहिजेत. त्या पिढीच्या वैद्यांस निष्ठुर ठरविणे अन्यायाचे होईल. छातीवर पुढून एक आणि पाठीकडून एक असे समोरासमोरचे दोन झोत द्यावयाचे, सुमारे ४० ग्रे म्हणजे ४,००० रॅड मात्रा झाली की झोत तिरपे करून मज्जारज्जूला बाजूस काढावयाचे, आणि उरलेली मात्रा पूर्ण करावयाची, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस कायमचा लुळा होतो. तेव्हा सारी सावधगिरी त्याच्यावर खर्च झाली, हे साहजिक आहे. अन्ननलिका मात्र दुखते, रडविते, आणि महिन्याभरात बरी होते. जो अवयव बरा होतो त्याच्या वेदनेस हिशेबात किंमत मिळत नाही, हा वैद्यकातील फार जुना दोष आहे. शिवाय अन्ननलिका कोठे आहे हे नेमके दिसतही नव्हते. बेरियमचा पांढरा घोट पाजून तिची सावली पडद्यावर क्षणभर धरावयाची आणि त्या सावलीवरून अंदाज बांधावयाचा, याहून अधिक साधन हाताशी नव्हते.

मात्रा किती द्यावी हा प्रश्न पुन्हा सेंट लुईसनेच सोडविला. तेथील कार्लोस पेरेस याच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून जी चाचणी केली, तिने सहा आठवड्यांत ३० हप्त्यांनी ६० ग्रे या मात्रेवर शिक्कामोर्तब केले; ४० किंवा ५० ग्रेपेक्षा ६० ग्रेला छातीतील रोग अधिक आवरला जातो, असे तिच्यात दिसून आले. १९८० च्या दशकात जाहीर झालेला हा आकडा आजही चालतो. आणि या आकड्याबरोबरच अन्ननलिकेचा प्रश्न केवळ वेदनेचा राहिला नाही. गिळता येईना म्हणून उपचार आठ-दहा दिवस थांबवावा, नळी जरा सावरू द्यावी, आणि मग पुढे चालावे, असा वैद्यांचा दयाळू प्रघात होता. जेम्स कॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली १,२४४ रोग्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळले, की ज्यांची प्रकृती मुळात चांगली होती अशा रोग्यांत हा खंड आयुष्यास कात्री लावतो. कारण विश्रांतीच्या त्या दिवसांत अन्ननलिकेचे अस्तर जसे भरून येते तशाच गाठीतील उरलेल्या पेशीही वाढू लागतात. म्हणजे नळीची इजा टाळणे ही रोग्यावर केलेली मेहेरबानी नसून त्याचा जीव वाचविण्याच्या कामाचाच भाग आहे, ही गोष्ट त्या दिवशी निःसंशय झाली.

दरम्यान गॉडफ्री हाउन्सफील्ड याच्या यंत्राने १९७१ च्या ऑक्टोबरात विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात जिवंत मनुष्याच्या मेंदूचा छेद प्रथम दाखविला होता. काही वर्षांत ती दृष्टी छातीपर्यंत उतरली, आणि सीटी-स्कॅनच्या प्रत्येक छेदात अन्ननलिकेचा तो लहानसा, चपटा, राखाडी ठिपका दिसू लागला. दिसू लागली म्हणून तिची मोजणी करता आली. मोजणी झाली म्हणून तिचे खाते उघडता आले. १९९१ साली बहमन इमामी याने, आणि तोही सेंट लुईसचाच, आपल्या सहकाऱ्यांसह शरीरातील अवयवांच्या सहनशक्तीचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात अन्ननलिकेच्या एक तृतीयांश लांबीस ६० ग्रे, दोन तृतीयांशास ५८, आणि संपूर्ण नळीस ५५ ग्रे, ही पाच वर्षांत शंभरात पाच जणांस गंभीर इजा होण्याची पातळी म्हणून नमूद आहे. सारे जग हे कोष्टक भिंतीवर लावून काम करू लागले, आणि त्याचा उपकार मोठा आहे. पण त्यात 'इजा' म्हणून धरले होते ते नळी अरुंद होणे किंवा तिला छिद्र पडणे, म्हणजे महिन्यांनंतरचे अरिष्ट. तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या घोटाला थबकणाऱ्या माणसासाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता.

तो रकाना उघडावा लागला औषधांमुळे. किरण चालू असतानाच, त्यांच्या जोडीला, केमोथेरपीची औषधे दिली तर रोगी अधिक जगतात, असे जपानच्या फुरुसे आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखविले. आधी औषध आणि मग किरण या क्रमाने रोग्यांचे मध्यम आयुर्मान १३.३ महिने, तर दोन्ही बरोबर दिल्यास १६.५ महिने. त्याच वर्षी अँड्र्यू तुरीसी याने फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगावर अमेरिकेत झालेल्या चाचणीचा निकाल जाहीर केला. ४५ ग्रे मात्रा पाच आठवड्यांऐवजी तीनच आठवड्यांत, दिवसातून दोन वेळा दिली, तर पाच वर्षे जगणारे शंभरात १६ वरून २६ वर गेले. पण अन्ननलिकेने त्याची किंमत मोजली: तिसऱ्या पायरीचा दाह शंभरात ११ जणांऐवजी २७ जणांस झाला. पुढे २०१० साली सहा चाचण्यांतील १,२०५ रोग्यांचा एकत्र ताळेबंद मांडला गेला, तेव्हा औषध आणि किरण बरोबर देण्याने पाच वर्षांची जगण्याची शक्यता शंभरात साडेचारने वाढते, आणि गंभीर अन्ननलिकादाह शंभरात चारवरून अठरावर जातो, हे स्पष्ट झाले. दोन्ही आकडे खरे, दोन्ही एकाच रोग्याच्या देहात नांदणारे. वैद्याने यांतला कोणता उच्चारावयाचा आणि कोणता गिळावयाचा? मला वाटते, दोन्ही उच्चारले पाहिजेत. रोग्यास ते ऐकण्याचा हक्क आहे.

अशा वेळी मनुष्याचे मन औषधाकडे धावते, आणि तसे ते धावलेही. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत, अणुयुद्ध झाल्यास सैनिकांस किरणांपासून वाचविण्यासाठी, चार हजारांहून अधिक रसायने पारखली गेली होती. त्यांतले २७२१ क्रमांकाचे रसायन पुढे अमिफोस्टिन या नावाने रुग्णालयात आले. निरोगी ऊतीत ते जागे होते आणि गाठीत निजून राहते, अशी त्याची ख्याती. बेंजामिन मॉव्सस याने २४३ रोग्यांवर त्याची कसोटी घेतली आणि २००५ साली निकाल दिला: औषध घेतलेल्यांत गंभीर दाह शंभरात ३०, न घेतलेल्यांत ३४, म्हणजे नाव घेण्याजोगा फरक नाही, आणि वर मळमळ, उलट्या, रक्तदाब उतरणे हे पदरात. किरण दिवसातून दोन वेळा आणि औषध आठवड्यातून चारच वेळा, म्हणून निम्म्याहून अधिक हप्ते तसेच बिनसंरक्षण गेले, ही त्यातली एक उणीव खरी. परंतु त्या चाचणीतील एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली आहे. रोग्यांनी गिळण्याच्या त्रासाची जी दैनंदिनी स्वतःच्या हाताने लिहिली होती, तिच्यात औषध घेतलेल्यांचा त्रास कमी दिसला. वैद्याची नोंद एक सांगते आणि रोग्याची दैनंदिनी दुसरे. या दोन साक्षींची रुजुवात अजून पुरती झालेली नाही.

सुक्राल्फेट हे जठराच्या व्रणावरचे पांढरे औषध अस्तरावर लेप देईल अशी आशा होती, तीही चाचणीत फोल ठरली. मधाचीही पारख झाली. न्यूझीलंडचा मानुका मध, एका गटास पातळ आणि एका गटास गोळीच्या रूपाने, १६३ रोग्यांच्या चाचणीत दिला गेला. २०१७ साली निकाल आला की नेहमीच्या शुश्रूषेहून त्याने वेदना काही कमी झाली नाही. घरोघरी 'घशाला मध चाटव' म्हणणाऱ्या आमच्या आज्यांचा या निकालाने अपमान होत नाही. मध गोड लागतो, मायेने दिलेला असतो, आणि गिळवतो तोवर तो घेण्यास कोणाची मनाई नाही. फक्त किरणांनी उघडी पडलेली भिंत तो सावरू शकत नाही.

वाट सापडली ती औषधाच्या कपाटात नसून हद्दीच्या नकाशात होती. पूर्वी रोग असो वा नसो, छातीच्या मधल्या भागातील सर्व लसिकाग्रंथी सावधगिरी म्हणून झोतात घेतल्या जात, आणि त्यांच्याबरोबर अन्ननलिकेचा लांबच लांब पट्टा फुकट भाजला जाई. शरीरातील कोणती ग्रंथी खरोखर रोगग्रस्त आहे हे साखरेच्या खपावरून दाखविणारे पेट-स्कॅन हे यंत्र हाती आल्यावर हा अंदाजी कारभार थांबविता आला. आणि त्या यंत्राची घडण १९७० च्या दशकात मिशेल तेर-पोगोसियन, मायकेल फेल्प्स आणि एडवर्ड हॉफमन यांच्या हातून झाली ती सेंट लुईस येथेच. जेथे रोग दिसतो तेवढ्याच भागावर किरण द्यावेत, ही नवी नीती हळूहळू रूढ झाली. तिचा प्रताप पाहावयाचा असेल तर मँचेस्टरच्या कोरीन फेव्ह्र-फिन हिने २०१७ साली जाहीर केलेली चाचणी पाहावी. तुरीसीचीच दिवसातून दोन वेळांची रीत तिने एका गटास दिली, दुसऱ्यास रोज एकदा याप्रमाणे ६६ ग्रे दिले. ५४७ रोग्यांच्या या चाचणीत गंभीर दाह दोन्ही गटांत शंभरात १९ इतकाच निघाला. जी रीत पूर्वी २७ जणांना भोवत होती, ती हद्द आखडल्यावर १९ जणांपाशी थांबली.

एक समजूत मात्र अजून पडावयाची होती, आणि ती सर्वांत दृढ होती: मात्रा जितकी जास्त तितके बरे. नवी यंत्रे किरणांचा झोत हवा तसा वळवू, कापू, कमी-जास्त करू शकत होती. तेव्हा ६० ऐवजी ७४ ग्रे का देऊ नयेत? सेंट लुईसच्या जेफ्री ब्रॅडली याच्या पुढाकाराने ही कसोटी लागली, आणि २०१५ साली निकाल बाहेर आला तेव्हा किरणोपचाराच्या जगात क्षणभर सन्नाटा पसरला असावा. ७४ ग्रे घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान २०.३ महिने, ६० ग्रे घेतलेल्यांचे २८.७. अधिक मात्रेने आयुष्य घटले होते. गंभीर अन्ननलिकादाह अधिक मात्रेत शंभरात २१, कमी मात्रेत ७. हृदयावर पडलेल्या किरणांचा यात मोठा वाटा आहे असे विश्लेषणात दिसले, हे खरे. पण ज्या बाबी अल्पायुष्याशी जोडलेल्या आढळल्या त्यांत अन्ननलिकेच्या दाहाची पायरी हीदेखील एक होती. तीस वर्षांपूर्वी पेरेसने त्याच शहरात ठरविलेला ६० हा आकडा ब्रॅडलीने पुन्हा तेथेच आणून ठेवला. ज्या शास्त्रज्ञाने आपलीच अपेक्षा खोटी ठरविणारा निकाल न डगमगता छापला, त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

मात्रा वाढविण्याचा मोह सुटल्यावर लक्ष नळीच्या भिंतींकडे वळले, आणि येथे या हकीकतीतील माझ्या मते सर्वांत सुंदर कल्पना येते. गाठ अन्ननलिकेस खेटून असेल तर तिच्या बाजूची भिंत वाचणे शक्य नाही. पण नळीला दोन भिंती आहेत. गाठीपासून दूर असलेली, पलीकडची भिंत जर शाबूत ठेवली, तर तिच्यातील निरोगी पेशी अलीकडच्या उघड्या पडलेल्या भागावर सरकून येतील आणि अस्तर पुन्हा विणतील. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ही कल्पना प्रत्यक्षात आणली गेली. ज्यांची गाठ अन्ननलिकेपासून एक सेंटिमीटरच्या आत होती अशाच रोग्यांवर, म्हणजे सर्वांत अवघड प्रसंगी, पलीकडच्या भिंतीसाठी वेगळी मर्यादा आखून, झोताची तीव्रता त्या काही मिलिमीटरांत झपाट्याने उतरवून उपचार झाले. आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात उपचार पुरे केलेल्या २५ रोग्यांपैकी एकासही तिसऱ्या पायरीचा दाह झालेला नव्हता. पंचवीस ही संख्या लहान आहे, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरता कामा नये. परंतु पुढच्याच वर्षी आँटेरियोतील सहा रुग्णालयांतून ९० रोग्यांची तुलनात्मक चाचणी आली. या रोग्यांना बरे करण्याची आशा नव्हती. खोकला, रक्त, धाप यांपासून आराम मिळावा म्हणून त्यांना पाच हप्त्यांत २० किंवा दहा हप्त्यांत ३० ग्रे एवढेच किरण द्यावयाचे होते. साध्या रीतीने किरण घेतलेल्यांत गिळण्याचा त्रास देणारा दाह शंभरात २४ जणांस झाला. अन्ननलिकेस वगळून आखलेल्या रीतीत शंभरात दोघांस. जीवनाच्या गुणवत्तेचे जे मोजमाप चाचणीने मुख्य मानले होते, त्यात मात्र दोन गटांतील फरक निर्णायक ठरला नाही. तरीही ज्याच्या आयुष्याचे काही महिनेच उरले आहेत त्याला घरच्या ताटातले चार घास सुखाने गिळता यावेत, याहून मोठे साध्य त्या उपचाराचे दुसरे कोणते असू शकेल, ते मला सुचत नाही.

हे सारे ज्या खोलीत ठरते ती खोली मी पाहिली आहे. तेथे यंत्र नसते, रोगी नसतो. अर्धवट अंधारात दोन पडदे आणि त्यांच्यापुढे बसलेली एक तरुण डॉक्टर. रोगी सकाळीच हात डोक्यावर घेऊन, पाठीखालच्या साच्यात निजून, छातीवर गोंदणाचे बारीक ठिपके घेऊन गेलेला असतो. त्याचे छेद आता पडद्यावर एकामागून एक उतरतात. तीन-तीन मिलिमीटरांच्या अंतराने घेतले तर अन्ननलिकेच्या २५ सेंटिमीटरांसाठी ऐंशीच्या वर छेद होतात. प्रत्येक छेदात तो चपटा ठिपका शोधावयाचा. कोठे त्यात हवेचा काळा बिंदू असतो आणि तो चटकन सापडतो. कोठे तो महारोहिणीला इतका चिकटलेला असतो की वरचा आणि खालचा छेद दोनदा पाहून खात्री करावी लागते. संगणक आता हे काम स्वतः करून देतो, पण तिने त्याने काढलेली रेघ पुसून एका जागी पुन्हा काढली, कारण तेथे त्याने एक लसिकाग्रंथी नळीच्या पोटात धरली होती. मग तिने रंग बदलला, आणि गाठीपासून पलीकडच्या बाजूची भिंत, छेदामागून छेद, वेगळ्या रेघेने आखावयास घेतली. बाहेर बाकावर रोग्याचा मुलगा डबा मांडीवर घेऊन बसला होता. सरासरी मात्रा ३४ ग्रेच्या आत बसेपर्यंत भौतिकशास्त्रज्ञाने योजना दोन वेळा परत पाठविली. तिसऱ्या वेळी आकडा ३१ आला, तेव्हा तिने सही केली आणि बाहेर जाऊन त्या मुलाला सोमवारची वेळ सांगितली.